मदत हवी आहे : मेड्युलरी थायरॉईड कर्करोगाचा संशय आणि शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या

नमस्कार. ही विचारणा माझ्या थोरल्या भावासाठी आहे. दादा ४६ वर्षांचा असून ऐरोलीत राहतो, मी ठाण्यात नौपाड्याला. गणपतीत तो आमच्याकडे जेवायला आला होता, तेव्हा मान मागे टाकून तांब्यातले पाणी वरून पिताना त्याच्या गळ्याच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ घोटासरशी वर जाऊन खाली येताना मला दिसली. सोनोग्राफीत ती २.१ सेंटीमीटरची निघाली. आत चुन्याचे कण होते आणि शेजारची एक लसीकाग्रंथीही संशयास्पद वाटली. टी-थ्री, टी-फोर आणि टीएसएच मात्र अगदी नॉर्मल आले. त्यामुळे आम्ही सगळे निर्धास्त झालो, हे आता मनाला फार लागते.

सुईच्या तपासणीचा पहिला अहवाल बेथेस्डा ३, म्हणजे ना धड निर्धोक ना धड कर्करोग, असा आला आणि दुसऱ्या ठिकाणी हर्थल पेशींची (थायरॉईडमधल्याच एका प्रकारच्या पेशींची) गाठ असे लिहून मिळाले. ज्या रुग्णालयात दाखवले, तेथील सर्जननी अर्धी थायरॉईड काढून पुढचे नंतर ठरवू, असे सांगून येत्या सोमवारची तारीखही दिली.

दादाला ३ वर्षांपासून दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौचास होते आणि त्यावर आतड्याच्या त्रासाचेच औषध चालू होते. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गाठ आणि जुलाब या दोन्ही गोष्टी प्रथमच एकत्र ऐकल्या आणि लगेच रक्तातील कॅल्सिटोनिन तपासायला सांगितले. रक्त घ्यायला आलेल्या मुलाने नळी भरताक्षणी बर्फात ठेवली, कारण हे संप्रेरक उबेत टिकत नाही. आकडा ६४० पिकोग्रॅम आला, तर त्या प्रयोगशाळेची पुरुषांसाठीची मर्यादा १० ची आहे. सीईए हे कर्करोगात वाढू शकणारे रक्तातले प्रथिनही वाढलेले आहे. आम्लपित्ताच्या काही गोळ्यांनी किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने कॅल्सिटोनिन वाढू शकते, परंतु दादा अशी कोणतीही गोळी घेत नाही आणि त्याचे क्रिएटिनिन ठीक आहे.

डॉक्टरांनी समजावले ते असे, की नेहमी आढळणारे पॅपिलरी व फॉलिक्युलर प्रकार थायरॉईडचे संप्रेरक बनवणाऱ्या पेशींतून होतात, तर मेड्युलरी हा दुर्मीळ प्रकार त्याच ग्रंथीतल्या, पण कॅल्सिटोनिन स्रवणाऱ्या सी पेशींतून होतो. या पेशी आयोडीन शोषत नाहीत, म्हणून नंतर रेडिओआयोडीन देऊन उरलेला रोग मारता येत नाही. पहिल्याच शस्त्रक्रियेत संपूर्ण ग्रंथी आणि मानेतल्या लसीकाग्रंथी नीट काढाव्या लागतात. अर्धी थायरॉईड काढण्याचा बेत मला त्यामुळेच पटत नाही.

माझी खरी भीती वेगळीच आहे. आमची आई १९९८ साली गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिल्यावर रक्तदाब एकाएकी चढून टेबलावरच गेली. त्याआधी कित्येक वर्षे तिला मधूनच धडधड व्हायची, दरदरून घाम सुटायचा, डोके ठणकायचे, आणि घरात सगळे त्याला टेन्शन म्हणत. मेड्युलरीच्या साधारण चौथा हिस्सा रुग्णांत रेट जनुकातला आनुवंशिक दोष असतो आणि त्यासोबत मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत रक्तदाब एकाएकी चढवणारी फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होऊ शकते, हे वाचले तेव्हापासून झोप नाही. ती गाठ लक्षात न घेता भूल दिली तर काय होऊ शकते, ते आम्ही बहुधा आमच्या घरातच पाहिले आहे. दादालाही अलीकडे घाम येतो.

म्हणून जाणकारांना विचारते. प्लाझ्मा मेटानेफ्रिन (फिओक्रोमोसायटोमा ओळखण्याची रक्ततपासणी) आणि रेट जनुक या तपासण्यांसाठी शस्त्रक्रिया दोन-तीन आठवडे पुढे गेली, तर कर्करोगाच्या दृष्टीने तोटा होईल का? दादामध्ये दोष सापडला तर मला आणि त्याच्या ९ वर्षांच्या मुलीला तो असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी आहे. अशा मुलांची थायरॉईड काही वेळा आजार होण्याआधीच काढतात, हे वहिनीला कोणत्या शब्दांत सांगावे? ज्यांच्या घरी असे झाले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

ता. क. आईबद्दल ऐकल्यावर सर्जननी स्वतःहून सोमवारची तारीख रद्द केली. आज दादाला अर्धा तास आडवे झोपवून मेटानेफ्रिनसाठी रक्त घेतले. सुईच्या तपासणीच्या स्लाइड्स रुग्णालयाने दिल्या असून कापसात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवल्या आहेत. त्या परळला टाटा मेमोरियलमध्ये पुन्हा तपासून घ्यायच्या आहेत. आधीच रंगवलेल्या या स्लाइड्सवर कॅल्सिटोनिनची विशेष तपासणी होऊ शकते का, की पुन्हा सुई घालून, ती धुतलेल्या द्रवातले कॅल्सिटोनिन मोजून घ्यावे लागेल?