पहिली चांगली इलेक्ट्रिक गिटार: स्ट्रॅट, लेस पॉल की पॅसिफिका?

मंद्रसप्तक

माझ्या पुतणीने दोन वर्षे अकूस्टिक गिटारवर बोटांना घट्टे पडेपर्यंत सराव केला आणि आता तिला इलेक्ट्रिक गिटार हवी आहे. घरातला जाणकार म्हणून निवडीचे काम माझ्याकडे आले आहे. तिच्या मनात फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) भरली आहे, तर तिच्या शिक्षकांचा सल्ला असा की थोडे थांबा, पैसे साठवा आणि गिब्सन कंपनीची लेस पॉलच घ्या. माझे मत या दोघांच्याही विरोधात असल्यामुळे ते येथे मांडतो. आपण ते खुशाल खोडून काढावे.

माझ्या मते आपल्याकडील हवा, वीज आणि खिसा या तिन्हींचा विचार केला तर पहिली चांगली गिटार यामाहाची पॅसिफिका ११२ व्ही किंवा त्याच घडणीची दुसरी एखादी असावी. म्हणजे तीन पिकअप (तारेचे कंपन टिपणारे चुंबकी भाग): ब्रिजजवळ, तारा धडावर टेकतात तिथे, दोन कॉइलचा एक हंबकर, पुढे एकेका कॉइलचे दोन सिंगल कॉइल, आणि त्यांतून निवड करणारा पाच जागांचा स्विच. स्ट्रॅटचा स्वच्छ, काचेसारखा खणखणीत आवाज मलाही प्रिय आहे. १९५४ साली बाजारात आलेल्या या गिटारची घडण सत्तर वर्षांत फारशी बदलावी लागली नाही, यातच तिची थोरवी आली. पण तिचे तिन्ही पिकअप सिंगल कॉइल असतात आणि सिंगल कॉइल आसपासच्या विजेची घूं तितक्याच प्रेमाने उचलतो, जितक्या प्रेमाने तारेचा स्वर उचलतो.

गेल्या गणेशोत्सवात एका मंडळाच्या मांडवात मित्राची स्ट्रॅट घेऊन बसलो होतो. मागे एलईडीच्या माळा, बाजूला दिव्यांचे डिमर आणि अर्थिंग कसे होते ते गणपतीलाच ठाऊक. दोन गाण्यांमधल्या शांततेत अ‍ॅम्पमधून जी घूं सुरू झाली, तिच्यावर निवेदकाला आवाज चढवावा लागला. जागच्या जागी वळून पाहिले तेव्हा एका विशिष्ट कोनात ती जवळजवळ नाहीशी होत होती, म्हणून निम्मा कार्यक्रम मी प्रेक्षकांकडे खांदा करून वाजवला. हंबकरमध्ये दोन कॉइल उलट दिशांनी गुंडाळलेल्या असतात आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट असतात, त्यामुळे तारेचा स्वर बेरजेत येतो आणि घूं वजाबाकीत जाते. आजच्या बहुतेक स्ट्रॅटमध्ये स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर, दोन पिकअप एकत्र लागतात तेव्हाही हेच घडते, हे मान्य आहे, पण एकल वादनासाठी ब्रिजचा पिकअप एकटा लावला की घूं परत हजर होते.

लेस पॉलबद्दल माझी तक्रार आवाजाची नाही, वजनाची आणि किमतीची आहे. चार किलो किंवा त्याहून अधिक वजनाची गिटार पंधरा वर्षांच्या मुलीने तीन तास खांद्याला अडकवून सराव करावा, असे म्हणणाऱ्याने आधी स्वतः तसे करून दाखवावे. आणि अस्सल गिब्सन लेस पॉल स्टँडर्डसाठी आपल्याकडे दोन लाखांच्या पुढे मोजावे लागतात.

कातरवेळ

मंद्रसप्तक, आपण मांडवातली हकिकत छान रंगवली आहे, परंतु तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. घूं नको म्हणून हंबकर हवा, तर मग तीनपैकी एकच हंबकर का? पॅसिफिकाच्या पुढच्या दोन जागी तेच सिंगल कॉइल बसलेले आहेत. शिवाय टोनची खुंटी वर ओढून तिचा हंबकर अर्धा करता येतो, म्हणजे त्याची एकच कॉइल चालू ठेवता येते, म्हणून तिची जाहिरात होते, पण असा अर्धा केलेला हंबकर आवाजाने खाली बसतो, त्याला खऱ्या सिंगल कॉइलची धार येत नाही आणि घूं मात्र येते. सगळे थोडे थोडे देणाऱ्या वाद्याला आपल्याकडे एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात.

सोयीच्या बाबतीत आपण वजनापाशीच थांबलात आणि तारांचा ताण विसरलात. फेंडरच्या आणि पॅसिफिकाच्याही तारेची नटपासून (डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंतची लांबी २५.५ इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर असते, गिब्सनची २४.७५ इंच, म्हणजे सुमारे ६२९ मिलिमीटर. तीच तार त्याच स्वराला लावायची तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे फेंडरवर तो सहा टक्क्यांहून थोडा अधिक पडतो. कागदावर हा आकडा किरकोळ दिसतो, पण पूर्ण स्वराची मींड काढताना अनामिकेला तो लगेच कळतो. मी स्वतः लहान हातांचा माणूस आहे आणि पहिल्या पडद्यावर एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा एफ बार कॉर्ड मला लेस पॉलवर जितका सहज लागतो, तितका स्ट्रॅटवर आजही लागत नाही. आपल्या पुतणीच्या खांद्याची आपण काळजी केलीत, तशी तिच्या बोटांचीही करावी.

आणि तो आवाज! पिकअप बदलून, पेडल लावून कोणी कितीही नक्कल केली तरी महॉगनीचे जाड धड, वर मेपलची पाटी, सरसाने जोडलेला नेक (मान) आणि दोन हंबकर यांतून लांबत जाणारा जो भरदार स्वर निघतो, तो दुसरीकडे सापडत नाही. गंमत अशी की लेस पॉल तिच्या काळात चाललीच नव्हती. १९५२ मध्ये ती आली, १९५७ मध्ये तिला गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांचे हंबकर बसले आणि १९६१ पर्यंत कंपनीने मूळ घडण बंदही करून टाकली. पुढे १९६६ च्या सुमारास इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी जुनी लेस पॉल मार्शल अ‍ॅम्पला जोडून कान बसतील इतकी मोठी वाजवली, मागणी उसळली आणि १९६८ मध्ये गिब्सनला ती पुन्हा सुरू करावी लागली. जे वाद्य वादकांनी कारखान्याकडून ओढून परत आणले, त्याची किंमत केवळ नावाची आहे असे कसे म्हणावे?

दोन लाख नसतील तर एपिफोनची लेस पॉल आहे. एपिफोन ही १९५७ पासून गिब्सनच्याच मालकीची आहे, तिची लांबी तीच, जोडणी तीच आणि किंमत कितीतरी कमी.

दोन पिकअप

आपण दोघेही आपापल्या आवडीवर भौतिकशास्त्राची शाल पांघरत आहात. भरदार, जड, दगडी आवाज लेस पॉललाच साधतो असे म्हणणाऱ्यांनी लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचा १९६९ चा पहिला संग्रह पुन्हा ऐकावा. बँडचे गिटारवादक जिमी पेज यांचे नाव उच्चारले की लोकांच्या डोळ्यांसमोर लेस पॉल उभी राहते, पण त्या संग्रहातील त्यांची मुख्य इलेक्ट्रिक गिटार फेंडरची टेलिकास्टर (टेली) होती. लाकडाची सपाट फळी, दोन सिंगल कॉइल, चार स्क्रूंनी आवळलेला नेक. ज्यांना तो आवाज ऐकून महॉगनी आठवते, त्यांनी महॉगनी डोळ्यांनी ऐकलेली असते.

माझे मत टेलीच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण आवाजापेक्षा तिचा साधेपणा आहे. फेंडर कंपनी काढणारे लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, आणि मला तर ही त्यांची जमेची बाजू वाटते. बिघडलेला भाग काढून नवा बसवता यावा, या विचाराने त्यांनी वाद्य रचले. १९५० मध्ये ते ब्रॉडकास्टर या नावाने आले, पण ग्रेट्श कंपनीचे ड्रम त्याच उच्चाराच्या नावाने विकले जात होते, म्हणून १९५१ मध्ये नाव बदलून टेलिकास्टर झाले. तिच्यात ट्रेमोलो, म्हणजे स्वर हलवण्यासाठी दांड्याने झुकणारा ब्रिज, नाही. नवशिक्याच्या स्ट्रॅटवर ट्रेमोलोचा दांडा म्हणजे घरात माकड पाळण्यासारखे आहे. एक तार तुटली की मागच्या स्प्रिंगांचा तोल जातो आणि उरलेल्या पाचही तारा बेसूर होतात. टेलीवर एक तार तुटली तर पाच तारांवर गाणे पुरे करता येते. मी केले आहे.

टेलीची एक खोट मात्र कबूल करतो. तिच्या कडा गोलवलेल्या नाहीत. तासभर बसून वाजवले की उजव्या हातावर, कोपराच्या जरा पुढे, एक लाल रेघ उमटते. स्ट्रॅटला पोटाशी आणि हाताखाली जो उतार दिला गेला, तो अशाच तक्रारींमुळे.

सांधेजोड

मी मुंबईत गिटारची दुरुस्ती आणि सेटअप (तारांची उंची आणि नेकचा बाक जुळवणे) करतो. वरील तिन्ही प्रतिसादांतील वाद्ये माझ्या टेबलावर येतात, म्हणून कोण कशामुळे येते तेवढे सांगतो.

लेस पॉल, मग ती गिब्सन असो वा एपिफोन, माझ्याकडे बहुधा मान मोडून येते. तिचे डोके नेकपासून मागे झुकलेले असते. गिब्सनमध्ये हा कोन सामान्यतः १७ अंशांचा असतो. तेथे लाकडाचे धागे तिरपे कापले जातात आणि नेमके त्याच जागी ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) फिरवण्याच्या नटबोल्टसाठी आणखी लाकूड कोरून काढलेले असते. गिटार सोफ्याला टेकवून ठेवली, कोणीतरी सतरंजी ओढली आणि ती पाठीवर पडली, की काम झाले. सरस लावून क्लॅम्प आवळला तर सांधा उत्तम धरतो, पण विकताना किंमत मात्र पडते. फेंडरचे डोके सपाट असल्यामुळे हा अपघात तिथे क्वचितच पाहायला मिळतो.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची, जिच्याबद्दल अमेरिकेत बसून लिहिणारे समीक्षक फारसे बोलत नाहीत. जूनमध्ये हवेतला ओलावा लाकूड शोषून घेते आणि नेकचा बाक बदलतो. मे महिन्यात जी गिटार लोण्यासारखी वाजत होती, ती जुलैत एकतर तारा उंच झाल्यामुळे जड होते किंवा पडद्यांवर खडखडू लागते. हे प्रत्येक कंपनीच्या गिटारला होते, वर्षातून दोनदा ट्रस रॉड पाव वळसा फिरवणे हा त्यावरचा उपाय आहे. अस्सल गिब्सनवर नायट्रोसेल्युलोजचा पातळ लाखेसारखा लेप असतो. तो दिसतो सुंदर, पण आपल्या घामाने तो नेकवर चिकट होतो आणि काही स्टँडच्या रबराशी त्याची रासायनिक क्रिया होऊन कायमचे डाग पडतात. स्वस्त गिटारांवरचा पॉलियुरेथेनचा जाड लेप समीक्षकांच्या टिंगलीचा विषय असला, तरी दमट हवेत तोच जास्त टिकतो.

पडद्यांच्या पाटीच्या गोलाईबद्दल कोणीच लिहिले नाही याचे नवल वाटले. कातरवेळ यांनी मींडेचे श्रेय तारेच्या लांबीला दिले, पण त्यात गोलाईचाही वाटा आहे. जुन्या धाटणीच्या फेंडरची गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची असते. त्यावर कॉर्ड आरामात बसतात, पण पंधराव्या पडद्यापुढे तार पूर्ण स्वराने ओढली की ती पुढच्या पडद्यांना घासून स्वर मरतो. हल्लीच्या बहुतेक फेंडर ९.५ इंचांच्या असतात, गिब्सन १२ इंचांची, पॅसिफिका ११२ त्याहूनही सपाट, १३.७५ इंचांची. आपल्या पुतणीला मींड आवडत असेल, तर हा आकडा दुकानदाराला आधी विचारावा.

जाता जाता: २०१७ मध्ये शिसवीच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, तरी तोपर्यंत अनेक कारखान्यांनी पडद्यांच्या पाटीसाठी दुसरी लाकडे धरली होती. आज स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) आणि एपिफोनच्या कित्येक गिटारांवर इंडियन लॉरेल असे लिहिलेले असते. इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन, ज्याच्या तुळया आणि वासे कोकणातल्या जुन्या घरांना आहेत. तेव्हा ते हलक्या प्रतीचे लाकूड आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आजोळचे छप्पर आठवावे.

मंद्रसप्तक

सांधेजोड यांचे विशेष आभार. कातरवेळ यांचा तारांच्या ताणाचा मुद्दा मी मान्य करतो, किंबहुना तो माझ्या लक्षातच आला नव्हता. तरीही त्यावर लेस पॉल हा उपाय नाही. साडेसहाशे मिलिमीटरच्या गिटारवर दहाऐवजी नऊ नंबरचा, म्हणजे जरा बारीक, तारांचा संच चढवला, की तो सहा टक्क्यांचा फरक भरून निघतो आणि वर थोडा उरतोही; चार किलोंवर मात्र असा काही उतारा नाही. अर्ध्या केलेल्या हंबकरबद्दलची टीकाही खरी आहे. मी तो कधीच अर्धा करून वाजवत नाही, मला तेथे पूर्ण हंबकरच हवा असतो.

पैशांचा हिशेब मी असा मांडतो. पॅसिफिका ११२ किंवा त्या तोलाची स्क्वायर २५ ते ३५ हजारांच्या घरात येते. एपिफोनची स्टँडर्ड घ्यायची तर पन्नास हजारांच्या आसपास किंवा त्यापुढे जावे लागते. मधले जे वीस हजार उरतात, त्यांत बरा छोटा अ‍ॅम्प आणि दोन वर्षांचे सेटअप भागतात. वाईट अ‍ॅम्पमधून वाजणारी उत्तम गिटार मी भरपूर ऐकली आहे आणि ती वाईटच वाजते.

कातरवेळ

नऊ नंबरच्या तारा लावल्या तर ताण जातो, पण त्याबरोबर स्वराचे अंगही जाते. सतारीला तंबोऱ्याची तार लावत नाहीत. आणि आपण अजूनही तिच्या वतीने हिशेबच मांडत आहात. पंधरा वर्षांची मुलगी गिटार भिंतीवर पाहून हातात घेणार, की जमाखर्च पाहून? जे वाद्य दिसताच वाजवावेसे वाटते, त्यावर रोज अर्धा तास जास्त सराव होतो. माझ्या मते किमतीचे मोल तेथे वसूल होते. तिला स्ट्रॅट आवडली आहे ना? मग माझी लेस पॉलही बाजूला ठेवा आणि आपली पॅसिफिकाही, तिला स्क्वायरची स्ट्रॅट घेऊन द्या.

दोन पिकअप

लेस पॉलवाल्याने स्ट्रॅटची शिफारस केलेली पाहायला मिळाली, आता टेलीसाठी भांडण्यात अर्थ नाही. फक्त ट्रेमोलोच्या मागच्या बाजूस लाकडाची एक चिपटी ठोकून तो अचल करून घ्या.

मंद्रसप्तक

रविवारी तिला घेऊन धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत जातो आणि तिला खुर्चीवर बसवून तिन्ही गिटारी अर्धा अर्धा तास वाजवायला देतो. सांधेजोड, एक शेवटची शंका: मित्राच्या एपिफोनवर मींड काढून तार सोडली की तिसरी तार, म्हणजे जी, दरवेळी किंचित बेसूर होते. खुंटी बदलावी लागेल का?

सांधेजोड

खुंटीचा दोष नाही. लेस पॉलच्या डोक्यावर तिसरी तार नटमधून निघताच बाजूला वळते, म्हणून ती खाचेत अडकते आणि सोडल्यावर पूर्ण परत येत नाही. तार सैल करून बाजूला करा, टू-बी पेन्सिलचे टोक त्या खाचेत चार-पाच वेळा घासा आणि तार पुन्हा बसवा. तरीही अडकली, तर खाच अरुंद आहे. घरी कानस घेऊन बसू नका, माझ्याकडे किंवा जवळच्या कोणा कारागिराकडे घेऊन या.