डीपीआय ३०० नोंदवूनही छापील चित्र अस्पष्ट का येते?

प्रश्न
पायथनमधील पिलो ही चित्रे हाताळणारी लायब्ररी वापरून मी एक छायाचित्र छपाईसाठी तयार करत आहे. त्याचा आकार १२०० × १६०० पिक्सेल असून ते ए४ कागदावर पानभर छापायचे आहे. सेव्ह करताना डीपीआयचे (म्हणजे दर इंची ठिपक्यांचे) मूल्य ३०० दिले आणि फाइल पुन्हा उघडल्यावर तेच दिसले. तरीही छापील प्रत अस्पष्ट आहे. ३०० ही नोंद असताना असे का व्हावे?

उत्तर १
कारण ती केवळ नोंद आहे. सेव्ह करताना दिलेले हे मूल्य फाइलच्या शीर्षभागात लिहिले जाते, पण त्यामुळे चित्रात एकाही पिक्सेलची भर पडत नाही. कागदावरील आकार इंचांत हवा असल्यास पिक्सेलच्या संख्येला दर इंची पिक्सेलने भागावे. आपले चित्र ३०० ने छापल्यास ते ४ × ५.३३ इंचांचे, म्हणजे ए४च्या निम्म्याहूनही कमी लांबीचे होते. ए४ची उंची ११.६९ इंच आहे. १६०० पिक्सेल तेवढ्या लांबीवर पसरले की दर इंची साधारण १३७ पिक्सेलच उरतात, मग फाइलमध्ये काहीही नोंदवलेले असो. पूर्ण पानासाठी ३०० ने २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात.

उत्तर २
वरील हिशेब बरोबर आहे. त्यात कोडच्या बाजूने थोडी भर घालतो. रीसाइझ करून पिक्सेल वाढवता येतात आणि त्यासाठी लँक्झोस पद्धत चांगली आहे, परंतु नवे पिक्सेल शेजारच्या पिक्सेलवरून काढलेले अंदाज असतात. मूळ छायाचित्रात न टिपलेला तपशील त्यातून येत नाही. शिवाय आपल्या चित्राचे गुणोत्तर ३:४ आहे आणि ए४चे तसे नाही, त्यामुळे थेट २४८० × ३५०८ असे रीसाइझ केल्यास चेहरे ओढल्यासारखे दिसतील. पिलोच्या इमेजऑप्स या भागातील फिट हे फंक्शन आधी कडा कापून मगच आकार बदलते, म्हणून येथे तेच वापरावे. पीएनजी प्रकारच्या फाइलमध्ये डीपीआयची नोंद दर मीटरला किती पिक्सेल अशा पूर्णांकात असते. त्यामुळे ३०० लिहून २९९.९९९४ वाचायला मिळाले, तर त्यात बिघाड काही नाही.

उत्तर ३
३०० हा आकडा सर्वत्र लागू करण्याचा आग्रह मला पटत नाही. निरोगी डोळ्याला साधारण एक कलामिनिटाच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) कोनाइतके अंतर वेगळे ओळखता येते. ३० सेंटिमीटरवरून पाहताना ते दर इंची सुमारे २९० पिक्सेल भरते, आणि हातात धरून पाहायच्या छपाईसाठी ३०० पुरेसे का मानतात ते यावरून कळते. अंतर दुप्पट झाले की ही गरज निम्मी होते. म्हणजेच आपले दर इंची १३७ पिक्सेलचे चित्र भिंतीवर लावून साधारण ६५ सेंटिमीटरवरून पाहिल्यास ते खटकू नये. ते हातात घेऊन पाहायचे आहे का, हे आधी ठरवावे.

प्रश्नकर्ता
चित्र भिंतीवरच लावायचे आहे, पण त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे, जी लोक जवळ येऊन वाचतील.

उत्तर ३
मग छायाचित्र आधी २४८० × ३५०८ करून घ्यावे आणि ओळ त्यानंतर, त्या अंतिम आकारावर लिहावी. लहान चित्रावर लिहिलेली अक्षरे त्याच्यासोबत मोठी केली, तर त्यांच्या कडा छायाचित्रापेक्षा आधी पसरट दिसू लागतात. शक्य असल्यास ती पीडीएफमध्ये फॉन्ट म्हणूनच ठेवावीत.