मदत हवी आहे : निवृत्तीनंतर कानडी वाचायला शिकायचंय (सोलापूर)

नमस्कार. मी सोलापूरची, वय ६३, बँकेतून निवृत्त. घरी मराठीच, पण काउंटरवर अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडचे खातेदार कानडीतच बोलायचे, त्यामुळे बोललेलं बऱ्यापैकी कळतं. अक्षर मात्र एकही ओळखता येत नाही.

आमच्या भजनी मंडळात सिद्धरामेश्वरांची कानडी वचनं म्हणतो, 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही मुद्रा (रचनेत येणारी कवीची सही) असलेली. सगळ्या जणी देवनागरीत उतरवून घेतात. कानडीत ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे वेगवेगळे लिहितात, आपल्या वहीत ते एकच होऊन बसतात. मग कुठे लांबवायचं यावर दर वेळी वाद. बाराव्या शतकातल्या ज्या सत्पुरुषाच्या तळ्याकाठी आपण वाढलो, त्याचे शब्द त्याच्या भाषेत वाचता येऊ नयेत, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलगा म्हणतो, डोकं चालू ठेवायचं तर शब्दकोडी सोडव. सोडवते, पण त्यानं कोड्यांचाच हात बसतो असं माझं मत आहे. मला अनोळखी काहीतरी शिकायचंय आणि तेही चार माणसांत बसून.

अडचण अशी की कानडीतले व, प आणि म मला सारखेच दिसतात. सकाळी गिरवलेलं संध्याकाळी आठवत नाही. मोबाईलवरचे धडे इंग्रजीतून आहेत, तो वळसा नको. शिवाय उजव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून वर्गात नाव घालायला मन कचरतं. मराठीतून शिकायला सुरुवात कशी करू? या वयात अक्षरं लक्षात राहण्यासाठी कुणी काय केलंय?

प्रतिसाद १
ताई, मी अक्कलकोट तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळेत शिकवत होतो. आपली बालभारती कन्नड माध्यमाचीही पुस्तकं काढते, ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. पहिलीचं घ्या. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, क-ख-ग-घ, अगदी ळसुद्धा आहे. बोलणं कळतंय म्हणजे अवघड भाग झालाच आहे.

व-प-म एकाच दिवशी गिरवू नका. आधी व पक्का होऊ द्या, दोन दिवसांनी प. आणि नुसतं बघून गिरवण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहा. चुकलं की उघडून बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग तीन-चार दिवसांनी. विसरायला लागल्यावर आठवण्याची जी खटपट होते, तिनंच अक्षर पक्कं बसतं. मुलांचंही तसंच असतं, वयाचा बाऊ करू नका.

जोडाक्षरं शेवटी. दुसरं अक्षर खाली लटकतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात, आणि त, न, म, य, र, ल यांचं रूप तिथं पार बदलतं. तोवर एसटी स्टँडवर कर्नाटकातल्या विजयपूर (विजापूर), इंडीच्या गाड्यांच्या कानडी पाट्या वाचा. गावाचं नाव आधीच ठाऊक असतं, त्यामुळे अक्षर आपोआप जुळतं.

प्रतिसाद २
काकू, कानाकडे आधी बघा. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे कमी करता येण्याजोगे १४ धोके दिलेत, त्यांत कमी ऐकू येणं आणि एकटं पडणं दोन्ही आहेत. श्रवणचाचणी करून घ्या, गरज असेल तर यंत्र लावा. माझ्या सासऱ्यांनी ते वर्षानुवर्षं टाळलं आणि हळूहळू लोकांत बसणंच सोडलं. वर्गात पुढे, डावा कान शिकवणाऱ्याकडे येईल असं बसा.

धागाकर्ती
सर, पुस्तक उतरवून घेतलं, आज फक्त व. कानाची तपासणी या आठवड्यात करून घेते. वचनांची भाषा जुनी, ती पहिलीच्या पुस्तकावरून कितपत झेपेल? की मध्ये आणखी काही वाचावं लागेल? आणि सिद्धेश्वर मंदिराच्या आसपास राहणारं, संध्याकाळी पाचनंतर तासभर सोबत वाचायला येईल असं कुणी आहे का? माझ्यासारखंच नवशिकं असलं तरी चालेल.