इम्पल्स निळा धूर मारतीय, इंजिन घरी खोलावं का?

कोरेगावची_इम्पल्स
राम राम मंडळी. माझ्याकडं हिरोची इम्पल्स आहे, २०१३ चं मॉडेल, १४९.२ सीसी, कार्बोरेटरवाली. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. दर रविवारी पहाटे आम्ही चार-पाच जण निघतो, कधी चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या कच्च्या रस्त्यानं, पण जास्त करून माण-खटावच्या माळाला, मुरमात, कोरड्या ओढ्याच्या पात्रात. आता झालंय असं की सकाळी स्टार्ट करताना काही नाही, उतारालाही नाही, पण चढाला पिळली की एवढा निळा धूर की मागचा पोरगा अंतर ठेवून चालवतो. तीनशे किलोमीटरमध्ये ऑइल पट्टीच्या खालच्या खुणेवर येतं, प्लग काळा आणि ओला निघतो.

गेल्या दिवाळीत हाच त्रास होता म्हणून एका गॅरेजला दिली. त्यांनी नुसत्या पिस्टनच्या रिंगा टाकल्या. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक, मोजला का विचारलं तर म्हणाले नखाला काय लागत नाही, चांगलाय. सहा महिने चालली आणि परत तेच. पैसे गेले ते गेले, पण आत काय होतं आणि काय केलं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही याचं जास्त वाईट वाटतं. म्हणून यावेळी स्वतः खोलायचं ठरवलंय. वडील पंप-मोटारी रिपेअर करायचे, त्यांचे पाने, गोटी पान्यांचा सेट, व्हाइस सगळं घरात आहे, पडवीत जागापण आहे. रिंगा पुरतील का बोअर मोठा करून नवा पिस्टनच टाकावा लागंल? कुठलं काम घरी करावं आणि कुठलं बाहेर द्यावं? आणि टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) आवाज अजिबात नाही, म्हणजे हेड (व्हॉल्व्ह असतात तो इंजिनाचा वरचा भाग) चांगलंय असं धरू का?

माणदेशी_रायडर
भावा, पाना हातात घ्यायच्या आधी एक काम कर. एअर फिल्टर काढ आणि फिल्टरच्या पलीकडं कार्बोरेटरकडं जाणारा जो रबरी पाइप आहे त्यात बोट घालून गोल फिरव. बोट स्वच्छ आलं तर पुढचं बघू, पण ओल्या पिठासारखं काय लागलं आणि दोन बोटांत चोळल्यावर कचकच केलं तर तुझं इंजिन कशानं गेलं ते तिथंच कळलं. आमच्याकडचा फुफाटा तू बघितलायस, मेंढरांचा कळप गेला की किती वेळ हवेत तरंगत राहतो, त्यात बारीक वाळू असते आणि ती ऑइलात मिसळली की व्हॉल्व्ह घासायची पेस्टच तयार झाली की रं. सहा महिन्यांत नव्या रिंगा संपल्या म्हणजे माती अजून आत येतीय. ती कुठनं येतीय हे सापडल्याशिवाय बोअर केलास तर नवा पिस्टनपण त्याच वाटंनं जाणार, हे मी दोन पिस्टन घालवून शिकलोय.

फिल्टर फोमचा असंल तर पेट्रोलमध्ये धुऊ नको, शिवणीचा गोंद सुटतो. रॉकेलसारख्या कशात तरी बुचकळ, मग साबणाचं कोमट पाणी, पिळायचा नाही, दोन्ही तळव्यांत दाबून पाणी काढायचं, सावलीत पूर्ण वाळला की फिल्टर ऑइल मळून लावायचं आणि फोम जिथं डब्याला टेकतो त्या कडेला ग्रीसचा पातळ हात. माळावरनं आलास की दर वेळी. कंटाळा आला तरी दर वेळी.

सांगलीचा_टूस्ट्रोक
वरच्या दादांनी बरोबर सांगितलं. मी आरएक्स १००वाला, आमच्यात तर हवा क्रँककेसमधनंच जाते त्यामुळं माती बोअर खातेच पण खालचं बिग एंड बेअरिंगपण खाते. तुझं फोर स्ट्रोक आहे, तुला अगोदर ठरवायचंय की ऑइल वरनं जळतंय का खालनं. सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा उतारावर थ्रॉटल सोडून परत दिल्यावर धूर आला तर व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावरनं ऑइल आत जाऊ न देणाऱ्या रबरावर) संशय घ्यायचा. तुझा धूर लोडवर येतो, तो रिंगा-बोअरकडं बोट दाखवतो. तरी कॉम्प्रेशन गेज कुणाकडनं तरी आणच. गरम इंजिन, थ्रॉटल पूर्ण उघडा, आधी कोरडं मोजायचं, मग प्लगच्या भोकातनं चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत. आकडा चांगला चढला तर रिंगा गेल्यात. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह.

आणि टॅपेटचा आवाज नाही म्हणून हेड चांगलं असं अजिबात समजू नको! धुळीत चालणाऱ्या फोर स्ट्रोकला इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारा) व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. आवाज करत नाही म्हणून आपल्याला बरं वाटतं, पण व्हॉल्व्ह नीट बसत नसतो, गरम झाल्यावर स्टार्टिंगला त्रास देतो. थंड इंजिनावर, मॅग्नेटची टी खूण (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) जुळवून, कॉम्प्रेशन स्ट्रोकला, फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घालून बघ.

गॅरेजवाला_सातारा
मी गेली बरीच वर्षं गॅरेज चालवतोय, माझी बाजूपण ऐकून घ्या. दहातले सहा लोक आल्या आल्या सांगतात की कमीत कमी पैशात धूर बंद करून द्या. बोअर करू म्हटलं की गाडी दुसरीकडं नेतात. तरी न मोजता रिंगा टाकणं चूकच, त्यात दुमत नाही, आणि मोजलेलं गिऱ्हाइकाला दाखवायलाच पाहिजे.

तुम्ही घरी खोला, हेड आणि ब्लॉक (बोअर ज्यात असतो तो भाग) निघेपर्यंत सगळं घरी होतं. फक्त घाई नको. कव्हरचे स्क्रू साध्या स्टार स्क्रू ड्रायव्हरनं पिळू नका, जपानी पद्धतीच्या चौकडीला ती टीप बसत नाही, डोकं सपाट होतं, हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा. टायमिंग चेन तारेनं बांधून ठेवा. ब्लॉक उचलला की लगेच खालच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा, कारण गजन पिनची (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेची) सर्क्लिप, म्हणजे पिन अडकवणारी तारेची कडी, उडून आत पडली तर अख्खं इंजिन फोडावं लागतं. मग पिस्टन काढून कनेक्टिंग रॉड धरा आणि वर-खाली ओढून बघा. आडवा थोडा हलतो, तो हलणारच, पण वर-खाली किंचित जरी खटखटला तर क्रँकचं काम आहे. ते प्रेसशिवाय होत नाही, घरी हात लावू नका.

माप_कुपवाड
मी कुपवाडच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे, दिवसभर बोअर गेजच हातात असतो, म्हणून फक्त मापाचं लिहिते. नखाला लागत नाही याला माप म्हणत नाहीत. बोअर तीन उंचींवर मोजायचा, वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, एकदा गजन पिनच्या रेषेत आणि एकदा तिला काटकोनात. झीज सगळ्यात जास्त वरच्या रिंगेच्या जागी सापडते, तिथे बोअर नरसाळ्यासारखा उघडतो आणि नवी रिंग त्याच्यात नीट बसूच शकत नाही. तुमच्या रिंगा म्हणूनच टिकल्या नसाव्यात.

गेज नसेल तर अंदाज घेता येतो. रिंग बोअरमध्ये टाका, पिस्टननेच सरळ खाली ढकला म्हणजे तिरकी राहणार नाही, आणि तोंडाच्या फटीत फिलर गेज घाला. लेथवाल्यांचा जुना हिशोब इंचाला चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तुमचा बोअर ५७.३ मिमी म्हणजे सव्वादोन इंच, नऊ थाऊ झाले, ०.२३ मिमीच्या आसपास. हा अंदाज आहे, शेवटचा शब्द मॅन्युअलचा. आणि दादा, ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा किंचित मोठा) पिस्टन आधी विकत घ्या, मग ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही एकत्र लेथवाल्याकडे द्या. पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर करायचा असतो. नुसता ब्लॉक देऊन 'पंचवीसचा मारा' (०.२५ मिमी मोठा करा) सांगून येऊ नका. होनिंगच्या (बोअर दगडाने घासण्याच्या) तिरक्या फुल्या दिसल्या पाहिजेत, आरशासारखा चकाचक बोअर रिंगांना ऑइल धरून ठेवू देत नाही.

कोरेगावची_इम्पल्स
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार दोन दिवस पडवीतच होतो, सापडलेलं सगळं लिहितो.

बोट घातलं. तांबूस चिखल लागला आणि कचकचला. मग पाइप काढून उजेडात धरला तर वरनं एकदम चांगला दिसत होता, पण खालच्या बाजूनं जिथं क्लॅम्प बसतो तिथं वाकवल्यावर चीर उघडली, करंगळीच्या नखाएवढी, आणि चिरेच्या कडेनं मातीची बारीक रेघ आत गेलेली. सरळ ठेवला की चीर मिटते. दोन वर्षं मी फिल्टर धूत होतो आणि माती फिल्टरला वळसा घालून जात होती.

इनटेक टॅपेटला गेजचं सगळ्यात पातळ पान, ०.०५ चं, गेलं नाही. इनटेक पोर्टाचं तोंड वर येईल असं हेड धरून त्यात थोडं पेट्रोल ओतलं तर मिनिटभरात व्हॉल्व्हच्या कडेनं पाझरलं. सहा महिने जुन्या रिंगेची फट ०.५५ निघाली. ताई, तुमच्या सांगण्यावरून बोअर मोजून घेतला, वर ५७.३८, खाली ५७.३२. रॉडला वर-खाली काही नाही. ०.२५ ओव्हरसाइज पिस्टन मिळाला, ब्लॉक-पिस्टन दोन्ही लेथला दिलेत, व्हॉल्व्ह सीटचं कामपण तिथंच. आता ब्लॉक परत आला की पेट्रोलनं धुऊन बसवू ना?

माप_कुपवाड
पेट्रोलने नको! होनिंगच्या दगडाचे कण त्या फुल्यांच्या खाचांत बसलेले असतात, पेट्रोल ऑइल धुते आणि कण तिथेच ठेवते. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि नायलॉनचा ब्रश घेऊन घासा, चांगला फेस काढून. मग लगेच कोरडा करून पांढऱ्या सुती कापडाला इंजिन ऑइल लावून आत फिरवा. कापड करडे येईल. परत धुवा, परत फिरवा. कापड पांढरेच निघेल तेव्हा ब्लॉक धुतला म्हणायचे. आमच्या घरच्या गाडीला मला पाच वेळा धुवावा लागला होता. धुऊन झाल्यावर ऑइलचा हात न लावता ठेवू नका, तासाभरात गंज चढतो.

गॅरेजवाला_सातारा
पिस्टनवर आयएन (IN) लिहिलेली बाजू इनटेककडं. सर्क्लिप दोन्ही नव्या, जुनी परत वापरायची नाही, आणि तिचं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ द्यायचं नाही. रिंगांवरची अक्षरं वरच्या बाजूला, तोंडं एका रेषेत ठेवू नका. हेडचे नट टॉर्क पान्यानंच (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या), समोरासमोरचे, तीन टप्प्यांत. अंदाजानं पिळून स्टडचे आटे घालवलेले ब्लॉक माझ्याकडं महिन्याला एखादा येतोच.

माणदेशी_रायडर
पाइप नवाच टाक भावा, सिलिकॉन फासून चालवू नको. पेट्रोलच्या वाफंनं ते सुटतं आणि तुकडा आत जातो. पहिल्यांदा स्टार्ट झाली की जागेवर अर्धा तास तशीच सोडून देऊ नको, थोडी गरम झाली की रोडवर काढ, थ्रॉटल कमी-जास्त करत चालव, एकसारखा स्पीड धरू नको, चढाला पिळू नको, घरी आणून पूर्ण गार होऊ दे, मग परत. रिंगा अशाच बसतात. शंभर किलोमीटरला पहिलं ऑइल काढ आणि ते पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात घे, उन्हात धरून बघ. थोडी चंदेरी चमक असतेच पहिल्या वेळी. काढलेलं ऑइल ओढ्यात ओतू नको, गॅरेजला दे.

आणि महिनाभर तरी माळावर येऊ नको. आम्ही थांबतो.

कोरेगावची_इम्पल्स
पाइप ऑर्डर केला. ब्लॉक गुरुवारी मिळतोय, आईकडनं जुनं पांढरं धोतर फाडून घेतलंय.