मदत हवी आहे: रविवारची भक्ती ऑनलाइन केली, निम्मी मंडळीच गायब!

नाइलाजाची_सचिव | शुक्रवार, रात्री 9:12

कोविडमुळे चर्च पुन्हा बंद झालंय. 2020 मध्ये कसंबसं निभावलं, आता 2021 मध्ये परत तेच. मागचे दोन रविवार झूमवर भक्ती घेतली. पहिल्या वेळी 41 जण होते, गेल्या रविवारी 26. त्यात उपदेश ऐन भरात असताना फुकटातल्या झूमची 40 मिनिटं संपली आणि सगळे बाहेर फेकले गेलो. परत आले ते 15. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ती म्हातारी माणसं तर मुळात नव्हतीच. कमिटीत सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, का तर लॅपटॉप माझ्याकडे आहे.

म्हाताऱ्यांना सोपं पडेल असं एखादं अॅप सांगा. फुकटातलं. उद्याचा एकच दिवस हातात आहे. आणि "आधी शोधून बघा" म्हणू नका, शोधलंय.

---

वायरमन | रात्री 9:20

यूट्यूब लाइव्ह. बाकी सगळं विसरा. मोबाइलवरून लाइव्ह जायला चॅनेलला ठरावीक सबस्क्रायबर लागतात, लॅपटॉपवरून ती अट नाही. पण पहिल्यांदा लाइव्ह चालू करायला मागितलं की 24 तासांपर्यंत थांबवतात. म्हणून उद्या नाही, आत्ता उठून ते बटण दाबा.

आणि गीतांचं रेकॉर्डिंग कुणाच्या सीडीवरून लावू नका. गीत शंभर वर्षांपूर्वीचं असलं तरी रेकॉर्डिंग कुणाचं तरी असतं. हक्काचा दावा येतो आणि आवाज बंद होतो. स्वतः गा.

---

कोपऱ्यातला_बाक | रात्री 9:31

थोडी माहिती द्या ना. एकूण मंडळी किती? वयस्कर किती? त्यांच्याकडे फोन कसले आहेत? कोणता पंथ? उपदेश कोण करतंय? ऑर्डर ऑफ सर्व्हिस, म्हणजे भक्तीचा क्रम, छापील आहे का?

---

नाइलाजाची_सचिव | रात्री 9:38

सगळी मिळून 130 च्या आसपास. फोन काय, असतात तसे. पंथाचा काय संबंध? मी अॅप विचारलंय.

@वायरमन, बटण दाबलं. 24 तास म्हणतंय. धन्यवाद.

---

कोपऱ्यातला_बाक | रात्री 9:47

संबंध कसा नाही? आम्ही कॅथलिक. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे आमची उपासना, टीव्हीवर बघितली तरी ख्रिस्तप्रसाद पडद्यातून हातात येत नाही. म्हणून आम्ही आध्यात्मिक सहभागितेची प्रार्थना म्हणतो. पापनिवेदन फोनवर चालत नाही. 20 मार्च 2020 ला पोप फ्रान्सिसनी सांगितलं होतं की धर्मगुरू भेटत नसेल तर मनापासून पश्चात्ताप करून थेट देवाशी बोला, पुढे शक्य होईल तेव्हा निवेदन करा. आठवड्याने व्हॅटिकनच्या रिकाम्या सेंट पीटर्स चौकात, पावसात, एकटे उभे राहून त्यांनी जगाला आशीर्वाद दिला. तो व्हिडिओ मी अजून बघते.

तुमच्याकडे प्रभुभोजन (भाकरी-द्राक्षरसाचा विधी) असेल तर घरोघरी आपापला प्याला धरून चालतं की नाही, ते तुमच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारावं लागेल. अॅप ते ठरवत नाही.

---

नगारा | रात्री 9:55

हे सगळं करायचंच कशाला? बायबलमधलं इब्री 10:25 वाचा. एकत्र मिळणं सोडू नका असं स्पष्ट लिहिलंय. मैदानात खुर्च्या लांब लांब टाका आणि भक्ती घ्या. विश्वास असेल तर काही होत नाही. आमचे आजोबा प्लेगच्या दिवसांतही चर्चला जायचे.

---

नाइट_ड्यूटी | रात्री 10:08

@नगारा, खुर्च्या लांब ठेवाल, पण गाणं कसं लांब ठेवाल? 2020 च्या मार्चमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका गायनमंडळाची अडीच तास तालीम झाली. 61 जण होते, लक्षणं असलेला एकच. 53 जण आजारी पडले, दोघं गेली. गाताना तोंडातून काय काय उडतं ते आम्ही वॉर्डात रोज शिकतोय.

आज सलग बारावा दिवस आहे माझा. विश्वास माझाही आहे.

---

नगारा | रात्री 10:14

गायनमंडळ बंद हॉलमध्ये होतं. मी मैदान म्हटलं. नीट वाचत चला.

---

जुनी_पानं | रात्री 10:26

भांडू नका, हा वाद पाचशे वर्षांचा आहे. 1527 मध्ये जर्मनीत विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा विद्यापीठ येना गावी हलवलं, पण धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर जागचा हलला नाही. बायको गरोदर, तरी घरात आजारी माणसं ठेवून घेतली. नगारासाहेब, इथवर तुमच्या बाजूने. पण त्याच वेळी त्याने लिहून ठेवलं की मी धुरी देईन, औषध घेईन आणि जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही. म्हणजे रोग्याकडे जायचं, पण गर्दीत उगाच मिरवायचं नाही.

1918 च्या फ्लूमध्येही कित्येक शहरांत चर्चं बंद होती. तेव्हा काही वृत्तपत्रांनी रविवारचे उपदेश छापले. बायबलमधल्या प्रेषित पौलाचं तर काय सांगावं, तुरुंगातून मंडळ्यांना पत्रंच लिहीत बसला. अवांतर झालं, माफी.

---

नाइलाजाची_सचिव | रात्री 10:33

लोकहो, इतिहास छान आहे, पण परवा सकाळी दहाला मी लॅपटॉपसमोर बसणार आहे.

---

निळी_शाई | रात्री 10:51

ताई, "फोन असतात तसे" यातच तुमचं उत्तर अडकलंय. आमच्या मंडळीत आम्ही आधी याद्या केल्या तेव्हा कळलं की 70 च्या पुढच्या बहुतेकांकडे बटणाचा फोन आहे आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांना तो मुलाने दिवाणावर ठेवून दिलाय. एका आजींना नातवाने व्हिडिओ कॉल लावून दिला, तर त्यांनी सवयीने फोन कानाला लावला. तासभर आमच्या पडद्यावर एक कान आणि एक कुडी. त्या मात्र सगळं ऐकत होत्या, शेवटी "आमेन" सगळ्यात मोठ्याने त्यांचंच.

तेव्हापासून आम्ही अॅप सोडलं आणि साधा फोन धरला. पाच जण नेमले. प्रत्येकाकडे चार-पाच म्हातारी माणसं. भक्ती लॅपटॉपवर चालू, शेजारी मोबाइल, त्यावर कॉन्फरन्स कॉलने ती चार-पाच माणसं. लॅपटॉपचा आवाज मोबाइलच्या माइकपाशी. झूमवर स्वतःला म्यूट करायचं, नाहीतर आवाज फिरून फिरून येतो. बटणाच्या फोनवर काही करावं लागत नाही, उचलायचा आणि ऐकायचं.

---

वायरमन | रात्री 10:58

2021 मध्ये कॉन्फरन्स कॉल? काय खराब आवाज येत असेल! त्यापेक्षा उपदेश रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर टाका.

---

निळी_शाई | रात्री 11:04

टाका की. मोठी ऑडिओ फाइल पाठवायला जड जाते, तुकडे करावे लागतात. ब्रॉडकास्ट लिस्टवर 256 नंबर मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. आणि बटणाच्या फोनवर व्हॉट्सअॅप कुठून आणू? आवाज खराब असला तरी माणूस पलीकडे आहे की नाही हे कळतं. यूट्यूबवर 80 व्ह्यूज दिसले म्हणजे 80 माणसं धडधाकट आहेत का?

---

कोपऱ्यातला_बाक | रात्री 11:10

शाईंना +1. चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर कोण नाही हे मान वळवली की दिसायचं. तेच गेलंय.

सचिवताई, अजून सांगितलं नाहीत. उपदेश कोण करतंय? त्यांना हे जमेल का?

---

नाइलाजाची_सचिव | रात्री 11:19

पाळकसाहेब स्वतः पॉझिटिव्ह आहेत ना. मंगळवारपासून ऑक्सिजनवर. लिहिलं नव्हतं का मी? म्हणूनच तर सगळं माझ्यावर आलंय. मागच्या आठवड्याचा उपदेश त्यांनी खोकत खोकत घेतला होता.

---

नाइट_ड्यूटी | रात्री 11:22

हे आधी लिहायचं ना हो!

---

कोपऱ्यातला_बाक | रात्री 11:25

अगं बाई. मग प्रभुभोजन या रविवारी विसरा, पुढे करता येईल. मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्यांनी शास्त्रपाठ वाचावा, प्रार्थना करावी, एवढं पुरे. आयता उपदेश शोधत बसू नका. अर्ध्या तासात संपवा म्हणजे ती 40 मिनिटांची सुरीही मानेवर नाही.

---

नाइट_ड्यूटी | रात्री 11:40

फोन करणाऱ्यांसाठी माझ्याकडून. "कसे आहात" असं विचारू नका, सगळे "बरं आहे, देवाची कृपा" म्हणतात. विचारा: औषधं किती दिवसांची उरली? काल रात्री झोप लागली का, की बसून काढली? घरात दुसरं कोण आहे, त्यांच्याशी बोलू का? बोलताना वाक्य मधेच तोडून श्वास घेतायत का, ते कान देऊन ऐका. ऑक्सिमीटर असेल तर आकडा विचारा. 94 च्या खाली असेल तर आधी डॉक्टरांना फोन, प्रार्थना फोन लागेपर्यंत करा. वहीत तारीख घालून लिहा, कारण पुढच्या वेळी फोन दुसरं कुणी करेल.

किराणा-औषधं पोचवणारा दारात ठेवून मागे सरकेल. आत जाऊन गप्पा नाहीत, कितीही बोलावलं तरी.

---

तेजस्वी_पहाट | शनिवार, सकाळी 7:02

तुम्ही म्हाताऱ्यांना लस घ्यायला सांगताय की नाही? मला आलेल्या मेसेजमध्ये लिहिलंय की बायबलच्या प्रकटीकरण पुस्तकातला श्वापदाचा शिक्का तो हाच.

---

जुनी_पानं | सकाळी 7:30

नाही. प्रकटीकरण 13 मधला शिक्का उजव्या हातावर किंवा कपाळावर आहे आणि तो श्वापदाची आराधना करणाऱ्यांचा आहे, दंडावर इंजेक्शन घेणाऱ्यांचा नव्हे. व्हॅटिकननेही 21 डिसेंबर 2020 ला लस घेणं नैतिकदृष्ट्या मान्य असल्याचं लिहून दिलंय. मेसेज पुढे पाठवू नका.

---

धागा_राखणदार | सकाळी 8:15

लशीसाठी वेगळा धागा आहे. इथले पुढचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. कृपया विषयावर या.

---

हिशोबनीस | सकाळी 9:40

दानाचं काय करताय? पाकिटं बंद झाली की बँक खात्याचा क्यूआर कोड लावा. आमची आवक दोन महिन्यांत पूर्ववत झाली. फक्त खातं मंडळीच्या नावाचं हवं, खजिनदाराच्या नावाचं नको. यावरून आमच्याकडे जे झालं ते सांगायला बसलो तर दुसरा धागा काढावा लागेल.

---

नाइलाजाची_सचिव | सकाळी 9:52

दान कुणी विचारलं? पण क्यूआरचं बघते.

काल रात्री यादी केली. 70 च्या पुढचे 23. त्यातल्या 16 जणांकडे बटणाचा फोन. दोघांचे नंबरच चुकीचे. आम्हाला हे माहीत नव्हतं याची लाज वाटली. फोनसाठी चार जण तयार झालेत, पाचवी मी.

---

नगारा | सकाळी 10:05

पाचवी तुम्ही नको, तुम्ही लॅपटॉप सांभाळा. माझा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो, पाच माणसं मला द्या. मैदानाचं माझं मत बदललेलं नाही.

---

वायरमन | सकाळी 10:20

झूमवर गीत घेणार असाल तर सगळ्यांना म्यूट करा. आवाज मागेपुढे पोचतो, एकत्र गाणं जमतच नाही, कोंबड्यांचं खुराडं होतं. एकानेच गायचं. आणि पेटी वाजणार असेल तर सेटिंगमध्ये "ओरिजिनल साउंड" चालू करा, नाहीतर झूमला पेटी म्हणजे पंख्याचा गोंगाट वाटतो आणि ते कापून टाकतं.

---

नाइलाजाची_सचिव | रविवार, दुपारी 1:35

झालं. थोडक्यात लिहिते, हात दुखतायत.

झूमवर 30. फोनवर 23 पैकी 19. म्यूटचं फोनवाल्यांना कसं सांगणार, तेव्हा गीत सुरू झालं आणि नगारासाहेबांच्या कॉलवरची पाचही माणसं मोठमोठ्याने गायला लागली, प्रत्येकाचा सूर वेगळा. नगारासाहेबही झूमवर स्वतःला म्यूट करायला विसरले होते. ते सगळं झूमवर आलं. मी बंद केलं नाही.

पाळकसाहेबांच्या वॉर्डातल्या सिस्टरनी फोन त्यांच्या उशाशी ठेवला होता. बोलले नाहीत. दुपारी मेसेज आला: "गीत फार वरच्या पट्टीत घेतलंत."

उरलेल्या चौघांपैकी दोघांचे नंबर लागले नाहीत, एकांना झोप लागली होती. चौथ्या काकांचा फोन शेजाऱ्यांनी उचलला. काकू चार दिवसांपासून ॲडमिट, काका घरात एकटे, ताप. कुणाला सांगितलं नव्हतं, "सगळे आपापल्या त्रासात" म्हणून. गेल्या रविवारी ते दोघं झूमवर नव्हते आणि मी 26 मोजले तेव्हा मला ते आठवलेही नाहीत.

डॉक्टर बघून गेलेत. औषधं आमच्या खजिनदाराने दारात ठेवली. संध्याकाळी सहाला मी परत फोन करणार आहे. @नाइट_ड्यूटी, त्यांचा आकडा 95 आहे. रात्री किती वेळाने परत बघायला सांगू?

---

नाइट_ड्यूटी | दुपारी 2:10

दर चार तासांनी. बोटावर नेलपॉलिश-मेंदी काही नको, हात गार असेल तर आधी चोळून गरम करायचा. तीन मिनिटं घरातल्या घरात चालून परत बघायला सांगा, चालल्यावर आकडा घसरला तर थांबू नका, तेव्हाच डॉक्टरांना सांगा. पण एकटे आहेत, तेव्हा चालताना फोन चालूच ठेवा, तुम्ही पलीकडे असा.

---

कोपऱ्यातला_बाक | दुपारी 2:31

ते दोन चुकीचे नंबर? लग्नाच्या नोंदवहीत नाहीतर बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलांची नावं असतील, त्यांच्याकडून मिळतील. आमचे दोन तसेच मिळाले.

---

नाइलाजाची_सचिव | दुपारी 2:40

नोंदवही चर्चमध्ये कपाटात आहे, किल्ली पाळकसाहेबांच्या घरी. बघते.

---

नवा_मोबाइल | रात्री 8:17

वरचं सगळं वाचलं नाही. टेलिग्राम वापरून बघितलं का?