व्हिसाला शेअर सर्टिफिकेट लागतं का?

सेक्रेटरी देशमुख: उद्या रविवारी सकाळी १० ते ४ टाकी साफ होणार आहे. बी आणि सी विंगला पाणी येणार नाही. भरून ठेवा.

सी-१०४ रुचिता: काका, ४ म्हणजे ४ की मागच्यासारखे रात्रीचे ८?

सेक्रेटरी देशमुख: ४.

बी-६०२ मंजिरी: देशमुख काका, आमच्या फ्लॅटच्या शेअर सर्टिफिकेटची कॉपी ऑफिसातून मिळेल का? सोमवारी हवी होती. व्हिसाच्या कामाला.

डी-५०३ सावंत: कुठे दौरा, वहिनी?

बी-६०२ मंजिरी: युरोप. म्हणजे ठरला तरी होता. आमचे तिघांचे व्हिसा काल आले. आईंचा नाकारला.

ए-३०१ नाईक काका: कुणाचा? वैजयंतीबाईंचा? त्या काय तिकडे नोकरी धरणार होत्या?

सी-१०४ रुचिता: अरे देवा. कारण काय दिलंय?

बी-६०२ मंजिरी: छापील कागद आहे. कारणांची यादी आणि त्यातल्या एका चौकटीत फुली. व्हिसा संपायच्या आत परत जाण्याच्या तुमच्या इराद्याबद्दल वाजवी शंका आहे, असं. ह्या बाईबद्दल!! पुण्याला नणंदेकडे चार दिवसांसाठी म्हणून जातात आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मला फोन, तुळशीला पाणी घातलंस का. तिसऱ्या दिवशी बॅग भरून दारात. ७२ वर्षांच्या आहेत, गुडघ्यांमुळे एक मजला सुद्धा लिफ्टने चढतात, त्या तिथे लपूनछपून राहणार?

डी-५०३ सावंत: म्हणून सांगतो, मालवणाक चला. आधार कार्ड पण नको. मासे मी देतो.

सी-१०४ रुचिता: सावंत काका, थांबा जरा. वहिनी, आजींच्या फाइलमध्ये काय काय लावलं होतं?

बी-६०२ मंजिरी: सगळं होतं गं. ह्यांचे तीन वर्षांचे आयटी रिटर्न, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तेही बँकेत दोनदा जाऊन शिक्का मारून आणलेलं. ३० हजार युरोचा विमा. हॉटेल, विमान, रोज कुठे जाणार त्याचा तक्ता. आणि आईंचा सगळा खर्च मी करणार असं ह्यांचं पत्र. एजंट म्हणाला मुलगा खर्च दाखवतोय ना, मग म्हातारीचं वेगळं काही लागत नाही.

ए-७०२ अनोळखी नंबर: एमएच ४३ पांढरी स्विफ्ट कुणाची आहे? माझ्या स्लॉटवर आहे.

सी-१०४ रुचिता: वहिनी, राग मानू नका, पण तिथल्या टेबलावरच्या माणसाच्या बाजूने बघा. दादांचं ऑफिसचं रजेचं पत्र आहे. तुमची नोकरी आहे. चिन्मयची शाळा आहे. आजींच्या कागदांत काय आहे? खर्च कोण करणार तेवढंच. आणि खर्च करणारा मुलगा, सून, नातू तिघंही त्यांच्याबरोबर विमानात. आजोबा नाहीत. मग इथे त्यांचं मागे राहिलंय कोण, असं तो विचारणारच. आपल्याला तुळस माहीत आहे. फाइलमध्ये तुळस नव्हती.

बी-६०२ मंजिरी: खरं आहे. हे डोक्यातच आलं नाही.

ए-३०१ नाईक काका: अमेरिकेचं बरं. तिथे निदान माणूस समोर असतो. मी आणि सौ. बीकेसीला त्यांच्या वकिलातीत गेलो होतो. नेरूळहून हार्बरने कुर्ला, तिथून रिक्षा, सात वाजता गेटवर. मोबाइल आत नेता येत नाही म्हणून शेजारच्या एकाच्या गाडीत ठेवला. हातात दीड किलोची फाइल. आतल्या मुलीने तीन प्रश्न विचारले. कुणाकडे जाताय, मुलगी काय करते, तुम्ही काय करायचात. फाइल उघडलीसुद्धा नाही. दहा वर्षांचा शिक्का. आमच्या पुढच्या नवरा-बायकोला त्याच खिडकीतून दोन मिनिटांत पांढरा कागद. त्यांच्या कायद्याचं कलम २१४ बी. तेही हेच म्हणणं की तुम्ही परत जाल असं वाटत नाही. आणि १८५ डॉलर गेले ते गेलेच.

सी-१०४ रुचिता: तिथला कायदाच उलटा आहे, काका. पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच आलाय असं धरून सुरुवात करायची आणि तसं नाही हे तुम्ही पटवायचं. आता तर २ सप्टेंबर २०२५ पासून १४ च्या खालच्या पोरांना आणि ७९ च्या वरच्या आजीआजोबांनाही साधारणपणे मुलाखतीला उभं राहावं लागतं. आधी सुटका होती.

बी-६०२ मंजिरी: मला तर ती मुलाखत परवडली असती. आईंनी त्यांना चौथीचा वर्ग घेतल्यासारखं समजावलं असतं.

डी-५०३ सावंत: पैसे परत मिळतात का?

बी-६०२ मंजिरी: छे. माणशी ९० युरो, म्हणजे नऊ हजारांच्या वर, जून २०२४ पर्यंत ८० युरो होते. चिन्मय नऊ वर्षांचा म्हणून त्याचे निम्मे. वर व्हिसा सेंटरचे वेगळे, एजंटचे वेगळे. आणि तिकिटं. ती आम्ही आधीच काढली, परत न होणारी, स्वस्त मिळाली म्हणून.

सी-१०४ रुचिता: नियमात नुसतं बुकिंग दाखवायचं असतं. पक्कं तिकीट व्हिसा आल्यावर काढा असं ते स्वतःच सांगतात.

बी-६०२ मंजिरी: आता माहीत झालं. फेब्रुवारीत मी रात्री बारा-साडेबाराला लॅपटॉप उघडून बसायचे, अपॉइंटमेंटची तारीख दिसते का बघायला. सगळं राखाडी. एप्रिल-मेमध्ये आख्ख्या मुंबईला जायचं असतं. एजंट म्हणाला, दुसऱ्या एका देशाच्या तारखा मोकळ्या आहेत, तिकडे एक रात्र दाखवू.

सी-१०४ रुचिता: बरं झालं नाही ऐकलंत. ज्या देशात जास्त दिवस राहणार तिथेच अर्ज करायचा असतो. दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिथे. एक रात्र दाखवून अर्ज केला की तो तक्ताच तुमच्या विरुद्ध बोलतो.

डी-५०३ सावंत: माझ्या वेळी मेहुणा म्हणालेला, खात्यात पैसे दिसायला हवेत. भावाकडून पाच लाख घेऊन आठवड्याआधी भरले. अर्ज आपटला. नंतर कळलं की तेच पाच लाख नडले. मी तेव्हापासून मालवण.

बी-४०१ म्हात्रे: 😄 माझी पण ऐका. आमचं घर नेरूळ गावातलं, जमीन सिडकोत गेली, साडेबारा टक्के योजनेत प्लॉट मिळाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. थोडी शेती उरणकडे आहे. व्हिसावाला म्हणाला मालमत्ता दाखवा. म्हटलं सातबारा घे. म्हणाला इंग्रजी भाषांतर पाहिजे. कोर्टाबाहेर एकाकडून करून घेतलं, पानाला दोनशे. सेंटरच्या काउंटरवर पोरगी वाचता वाचता थांबली. मला दाखवते. पोटखराबा क्षेत्र, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन होती ना, त्याचं त्याने केलं होतं ‘स्टमक अपसेट एरिया, दोन गुंठे’.

ए-३०१ नाईक काका: 😂😂

सी-१०४ रुचिता: मेले.

बी-४०१ म्हात्रे: हसू नका. ते पान तसंच गेलं वर. आणि व्हिसा आला! जमीन लागवडीखाली नाही यावर त्यांचा विश्वास बसला असणार.

बी-६०२ मंजिरी: म्हात्रे भाऊ, आई आत्ता हे ऐकून रडता रडता हसतायत. काल कागद आल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांना नकाराचं तितकं नाही वाटलं, त्या बोटांचं वाटलं. सेंटरमध्ये दहा बोटांचे ठसे घेतात ना. त्यांचे उमटेचनात. काउंटरवरच्या मुलीने ओल्या टिशूने पुसली, मग कोरडी केली, मग एकेक बोट स्वतःच्या हाताने काचेवर दाबून धरलं. डाव्या अनामिकेला सात वेळा. मागे रांग. आई तिला सारख्या सॉरी म्हणत होत्या. नंतर लोकलमध्ये मला म्हणाल्या, ३४ वर्षं खडू आणि ५० वर्षं भांडी, बोटांवर काय राहणार. पुन्हा अर्ज केला तर पुन्हा ते सगळं करायचं का, हाच पहिला प्रश्न होता त्यांचा.

सी-१०४ रुचिता: नाही, नाही. सांगा त्यांना. शेंगेनला, म्हणजे तुमच्या ह्या युरोपच्या व्हिसाला, ठसे ५९ महिने सांभाळून ठेवतात. त्या मुदतीत पुन्हा अर्ज केला तर साधारणपणे तेच वापरतात. एक मिनिट. ३४ वर्षं खडू म्हणजे? आजी शिक्षिका होत्या? मग पेन्शन असेल!

बी-६०२ मंजिरी: जिल्हा परिषदेची. आहे की.

सी-१०४ रुचिता: ती लावली होती?

बी-६०२ मंजिरी: नाही.

सी-१०४ रुचिता: वहिनी!!

बी-६०२ मंजिरी: एजंट म्हणाला गरज नाही. आणि तिथे नावाचा घोळ आहे. आईंचं माहेरचं नाव कुसुम. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने वैजयंती लिहिलं आणि कुसुम संपली. पासपोर्ट, आधार वैजयंती. मॅट्रिकचं सर्टिफिकेट कुसुम. सर्व्हिस बुकात दोन्ही. पेन्शनच्या कागदावर वैजयंती, पण बँकेच्या जुन्या एफडीवर कुसुम अजून जिवंत आहे. एजंटला वाटलं उगाच शंका वाढतील.

ए-३०१ नाईक काका: आमच्या घरात पण तेच. सौ.ची तीन नावं आहेत. त्या काळी ताटात नाव लिहिताना कुणाला व्हिसा सुचतोय.

सी-१०४ रुचिता: नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर ते, नाहीतर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं प्रतिज्ञापत्र. आणि पेन्शनचा आदेश, पेन्शन जमा होते त्या खात्याचं स्टेटमेंट, एफडी. सगळं आजींच्या स्वतःच्या नावाचं. दादांचे कागद मागे, आजींचे पुढे. घर कुणाच्या नावावर आहे?

बी-६०२ मंजिरी: म्हणूनच तर शेअर सर्टिफिकेट मागतेय.

सेक्रेटरी देशमुख: मंजिरीताई, सर्टिफिकेटवर अजून तुमच्या सासऱ्यांचं, अण्णांचंच नाव आहे.

सेक्रेटरी देशमुख: अण्णा २०२१ मध्ये गेले. मी तेव्हापासून तीनदा पत्र दिलंय. मृत्यूचा दाखला आणि अर्ज द्या म्हणून.

बी-६०२ मंजिरी: हो काका. राहूनच गेलं.

ए-३०१ नाईक काका: नॉमिनेशन तर वैजयंतीबाईंचं असेल ना? मग नाव चढवून टाका.

सेक्रेटरी देशमुख: नाईक साहेब, इतकं सोपं नाही. नॉमिनीला सोसायटी तात्पुरतं सभासद करते. मालकी सगळ्या वारसांची. बाकीच्या वारसांचं हक्कसोडपत्र लागतं. शिवाय आपली जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर, त्यामुळे सिडकोकडचं हस्तांतरण वेगळं.

डी-५०३ सावंत: ह्यापेक्षा व्हिसा सोपा.

ए-७०२ अनोळखी नंबर: स्विफ्ट अजून तिथेच आहे.

सेक्रेटरी देशमुख: मंजिरीताई, घरचं आहे ते आपण पर्सनलवर बोलू.

बी-६०२ मंजिरी: हो काका. नणंदबाईंशी आजच बोलतात हे.

सी-१०४ रुचिता: त्याला महिने लागतील, त्यावर अडू नका. पेन्शन पुरेशी भक्कम आहे. अपील करता येतं, कागदावर मागे लिहिलेलं असेल, पण त्यात वेळ जातो. नव्याने अर्ज केलेला बरा. आधी नकार आला होता हे मात्र लपवू नका, त्यांच्या कॉम्प्युटरवर ते असतंच. काय चुकलं होतं आणि आता काय जोडलंय ते कव्हर लेटरमध्ये सरळ लिहा.

बी-६०२ मंजिरी: पण जायचं १२ मेला आहे. निर्णयाला पंधरा दिवस धरतात, जास्तही लागतात म्हणे.

सी-१०४ रुचिता: ४५ पर्यंत. म्हणजे मे विसरा.

ए-३०१ नाईक काका: मग बाईंना सोडून जाणार?

बी-६०२ मंजिरी: काका, त्याच प्रश्नावर काल रात्री घरात दोन वाजले. हे म्हणतात सगळंच रद्द करू. आई म्हणतात माझ्यापायी पोराची सुट्टी नासू नका, मी पुण्याला जाते. पुण्याला! दोन दिवस!

डी-५०३ सावंत: आजींना आमच्याकडे सोडा. गावाक नेतो. आंबे उतरवायला माणूस हवाच आहे, खाली खुर्चीत बसून मोजायला.

बी-६०२ मंजिरी: ऐकवलं त्यांना. म्हणाल्या, पाचाच्या हिशेबाने मोजतात का, मग येते 😄

सी-१०४ रुचिता: वहिनी, मग असं करा. मेमध्ये तुम्ही तिघं जा. परत आल्यावर आजींचा आणि दादांचा, दोघांचाच अर्ज करा. तुम्ही आणि चिन्मय इथेच. नातू इथे आहे हे पण दिसेल. सहा महिने आधी अर्ज करता येतो, गर्दी नसते. दिवाळीनंतर, नोव्हेंबरात वगैरे.

बी-६०२ मंजिरी: थांब, विचारते.

सेक्रेटरी देशमुख: पुन्हा सांगतो. उद्या १० वाजता पाणी बंद. कृपया आधीच भरून ठेवा.

बी-६०२ मंजिरी: नोव्हेंबर नको म्हणतायत. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. १ तारखेला सकाळी पहिल्या दहात जाऊन सही करतात त्या. एकदाही चुकलेला नाही. म्हणाल्या, मी जिवंत आहे हे मी दरवर्षी सांगते, त्यासाठी मला इथेच असावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही का?

सी-१०४ रुचिता: वहिनी. हेच लिहा. कव्हर लेटरमध्ये, आजींच्या सहीने. गेल्या वर्षीच्या दाखल्याची पोच असेल तर ती पण लावा.

बी-६०२ मंजिरी: आहे. देवघराच्या खणात, सगळ्या वर्षांच्या, रबर लावून.

बी-४०१ म्हात्रे: भाषांतर मात्र माझ्यावाल्याकडून नको.

ए-७०२ अनोळखी नंबर: स्विफ्ट!!

डी-५०३ सावंत: माझीच आहे. येतो खाली.