‘एका रात्रीत ६.७ वरून ८’ वाल्यांनो, जरा आमच्या सर्व्हर रूममध्ये येऊन बघा

लातूरचा_रॅक
काल एका भावानं पोस्ट टाकली. चार होस्ट (सर्व्हर), ईएसएक्सआय (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) ६.७ वरून थेट ८, एका रात्रीत, झिरो डाउनटाइम. इथपर्यंत ठीक. शेवटची ओळ काय, तर “जे अजून ६.७ वर बसलेत ते निव्वळ आळशी आहेत.” डोकंच फिरलं. आळशी कुणाला म्हणायलास बाबा?

माझ्याकडं दोन होस्ट. प्रत्येकी १२८ जीबी रॅम, दोन्ही मिळून १६५ च्या आसपास वापरात. झिरो डाउनटाइम म्हणजे एकावरच्या सगळ्या व्हीएम (आभासी मशीन) व्हीमोशननं, म्हणजे चालू ठेवूनच, दुसऱ्यावर ढकलायच्या आन पहिला मेंटेनन्स मोडमध्ये टाकायचा. १६५ चं ओझं १२८ मध्ये कसं बसवू ते सांग. एकाच बैलाच्या मानेवर जू ठेवून नांगर ओढत नसतोय. तुझ्याकडं चार होते, एक मोकळा करता आला. त्यात तुझं शहाणपण किती आणि तुझ्या मालकाचा खिसा किती?

दुसरं, ७ पासून जुने व्हीएमके-लिनक्सवाले ड्रायव्हर काढून टाकलेत, माझ्या एका होस्टचं नेटवर्क कार्ड त्याच्यावरच जगतंय. दुसऱ्याचा प्रोसेसर सँडी ब्रिज, इंटेलची जुनी पिढी, म्हणजे ८ चा इन्स्टॉलर तोंडावर दार लावतो. बूटच्या वेळी अलाऊ-लेगसी-सीपीयू लिहून आत घुसता येतं हे मला माहितीय, कृपया कुणी शिकवू नका, ज्या मशीनवर बिलिंग चालतं तिथं हे करायची माझी छाती नाही. आणि ६ मधून ७-८ ला गेलं की बूट डिस्कचं पार्टिशनच बदलतं, त्यामुळं शिफ्ट-आर दाबून मागं यायची सोयही नाही. गेला तो गेला.

अपग्रेड करायचं नाही असं मी म्हणतच नाही. आधी रंगीत तालीम, मग नाटक, एवढंच म्हणणं आहे.

वाळूज_नाईट_शिफ्ट
पोस्ट माझीच होती आणि शब्द मागं घेणार नाही. ६.७ चा सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ ला संपला. तेव्हापासून तुझी तालीम चालूच आहे का? फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्सवाल्या रॅन्समवेअरनं (खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं) जगभरचे होस्ट लॉक केले, ज्या भोकातून ते शिरलं त्याचा पॅच फेब्रुवारी २०२१ लाच आला होता. दोन वर्षं! लोकं तालमीच करत बसले. रॅम पुरत नाही तर रविवारी टेस्टच्या मशीन बंद कर, बाकीच्या हलव. दुपारी चारला कुणाला लागतंय तुझं एचआर पोर्टल?

लातूरचा_रॅक
आमच्याकडं रविवारी पण शिफ्ट असते मालक. आणि माझा मॅनेजमेंट पोर्ट वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे वेगळ्या नेटवर्कवर आहे, बाहेर उघडा टाकलेला नाही. ज्यांनी उघडा टाकला त्यांची वाट लागली.

वाळूज_नाईट_शिफ्ट
आणि अकाउंटच्या साहेबांचा लॅपटॉप आतून लागला की? तो पेन ड्राइव्ह कुठकुठून फिरवून आणतो माहितीय का?

जालना_सळई
दोघांचंही ऐकलं, आता माझं ऐका, कारण मी भोगलंय. रोलिंग मिलमध्ये आहे मी. ६.७ वरून ७ केलं, एक होस्ट, शनिवारी रात्री, सगळं हिरवं हिरवं दिसलं, आपण खुश, घरी जाऊन झोपलो. लायसनची जुनी की ७ ला चालत नाही हे ध्यानातच नाही. होस्ट गुपचूप ६० दिवसांच्या इव्हॅल्युएशनवर, म्हणजे चाचणीच्या मुदतीवर गेलेला. ६० दिवस उलटले तरी चालू व्हीएम चालूच राहतात बरं का, कुणाला काही कळत नाही. आमची लाईट गेली ६६ व्या दिवशी! जनरेटर उचलला नाही, यूपीएस १५ मिनिटांत बसला. लाईट आल्यावर होस्ट उठला पण एकही व्हीएम पॉवर ऑन होईना. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच. गेटवर सळईचे ट्रक उभे, ड्रायव्हर लोकं मला शोधायलेत, मालक फोनवर जे बोलले ते इथं लिहिता येत नाही.

तर तालीम बिलीम ठीक आहे, आधी चावी बघा.

पुण्यनगरी_१०
यात आश्चर्य काय? हे प्रोफेशनल माणसाकडून करून घ्यायचं काम आहे. तुमच्याकडे त्या लेव्हलचं मनुष्यबळ नाही तर पुण्याहून कन्सल्टंट बोलवा, दोन दिवसांत होतं. आणि हो, ‘लातूरचा_रॅक’ यांनी मागे एकदा फोटो टाकला होता, त्यात सर्व्हर रूमच्या खिडकीला कूलर होता. कूलर! तिथे ८ काय आणि ६.७ काय.

परभणीकर
घ्या. आले उंटावरून शेळ्या हाकायला.

जालना_सळई
पुण्याचा कन्सल्टंट बोलावलेला ना आम्ही! येण्याजाण्याचा खर्च वेगळा, व्हिजिट वेगळी, हॉटेल वेगळं. व्हीसेंटर (सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) आधी आणि होस्ट नंतर करायचे असतात एवढंही ध्यानात न ठेवता होस्ट आधी केला, मग जुन्या व्हीसेंटरमध्ये तो होस्ट जोडलाच जाईना. चार वाजता म्हणतो, माझी गाडी आहे. हुरडा तेवढा बांधून नेला.

लातूरचा_रॅक
कूलरचं बोलायलेत तर ऐका साहेब. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४२ च्या वर, एसी दोनदा ट्रिप झाला, दुरुस्तीवाला तीन दिवसांनी येणार. तोपर्यंत सर्व्हर भाजू देऊ? कोरडी हवा असली की कूलर झकास काम करतो. आत २९ वर आणलं होतं मी.

पुण्यनगरी_१०
२९ हे अभिमानानं सांगताय? सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अशी शिफारस असते. आणि कूलर म्हणजे दमट हवा थेट मदरबोर्डवर.

नांदेडची_ताई
दमटपणापेक्षा बोअरचं पाणी वाईट. आमच्या आधीच्या ऑफिसात हाच प्रकार होता, दोन उन्हाळ्यांत पंख्याच्या पात्यांवर पांढरा थर. पॉवर सप्लाय उघडला तर आत चुना लावल्यासारखा. कूलरचं समर्थन नको करूस दादा, बाकी तुझं पटतंय.

परभणीकर
ताई, आणि पाणी तरी कुठंय? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. तेव्हा माणसं घागरी घेऊन रांगेत आणि सर्व्हरला कूलर! मी तेव्हा लातूरलाच होतो. आमच्या साहेबांनी कूलरच्या पाण्यासाठी टँकरवाल्याला वेगळे पैसे दिले होते, स्टाफनं लै शिव्या घातल्या.

लातूरचा_रॅक
तो साहेब मी नव्हे.

परभणीकर
मी कुठं नाव घेतलं?

पुण्यनगरी_१०
म्हणजे मुद्दा माझाच सिद्ध झाला. पायाभूत सोयी नाहीत तर सर्व्हर तिथे ठेवताच कशाला? डेटा सेंटरमध्ये भाड्याने ठेवा.

जालना_सळई
वजनकाटा पण पुण्यात ठेवू का मग? लाईन तुटली की ट्रक पिंपरीला येतील मोजायला. खोदकामात फायबर किती वेळा तुटतं ते जालन्यात येऊन बघा. आणि “तिथे ठेवताच कशाला” हे वाक्य आमच्या आज्यापासून ऐकायलोत आम्ही. कारखाना असो, रेल्वे असो, पाणी असो, वाक्य तेच.

वाळूज_नाईट_शिफ्ट
अरे विषय काय, चाललंय काय! कूलर बंद करा आधी.

नांदेडची_ताई
विषयावर येते. तुम्ही सगळे ८ वर जायचं धरूनच का बोलताय? नोव्हेंबर २०२३ ला ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर कंपनी घेतली, डिसेंबरात कायमची लायसन विकणं बंद. आता वर्षाचं भाडं, तेही प्रोसेसरचे कोअर मोजून, आणि प्रत्येक प्रोसेसरला कमीत कमी १६ कोअरचे पैसे. माझे सर्व्हर ८ कोअरचे दोन-दोन प्रोसेसरवाले. म्हणजे १६ कोअर वापरायचे आणि पैसे ३२ चे मोजायचे. दुष्काळात तेरावा महिना. मी गेल्या वर्षी प्रॉक्समॉक्सवर आले, ईएसएक्सआयच्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर. ईएसएक्सआयमधून व्हीएम सरळ ओढून घ्यायची सोय त्यात आहे.

वाळूज_नाईट_शिफ्ट
आणि विंडोजच्या मशीन निळ्या पडल्या असतील, म्हणजे निळा पडदा दाखवून अडकल्या असतील.

नांदेडची_ताई
पडली एक. व्हर्टआयओचे ड्रायव्हर (त्यांच्यामुळं विंडोजला प्रॉक्समॉक्सची आभासी डिस्क ओळखता येते) आधी टाकायचे असतात, मी सर्व्हर २०१२ वर विसरले. डिस्क तात्पुरती साटा (विंडोजच्या ओळखीचा प्रकार) करून बूट केली, सोबत एक छोटी व्हर्टआयओ डिस्क जोडली, ड्रायव्हर बसले, मग मूळ डिस्क बदलली. पाऊण तास गेला. खरा जीव खाल्ला तो जुन्या नेटवर्क कार्डानं. नवीन कार्डाला आयपी द्यायला गेले तर विंडोज म्हणतं, हा पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाला दिलाय, आणि ते कार्ड दिसतच नाही! डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेलं दाखवून काढून टाकलं. शिवाय एका सॉफ्टवेअरचं लायसन नेटवर्क कार्डाच्या नंबराला, मॅक ॲड्रेसला बांधलेलं, तो जुनाच ठेवावा लागला. हे सगळं खरं आहे, लपवत नाही. पण दरवर्षीचं बिल बघून मालकाचा चेहरा उतरायचा, ते बंद झालं.

पुण्यनगरी_१०
आणि रात्री दोनला अडकलात तर सपोर्टला फोन कोणाला करणार?

नांदेडची_ताई
तुमच्या कन्सल्टंटला तर नक्कीच नाही. आणि प्रॉक्समॉक्सचा पण पैसे देऊन सपोर्ट मिळतो, माहिती नसेल तर विचारायचं.

परभणीकर
बनी तो बनी, नाही तर परभणी! ताई, १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून मी पण व्हीएमवेअरपासून मुक्तिसंग्राम चालू करतो.

पुण्यनगरी_१०
पाऊण तासात निळी मशीन उठवली हे मान्य, चांगलं काम. कूलरबद्दलचं मत कायम.

वाळूज_नाईट_शिफ्ट
ताईंचं गणित बरोबर आहे, आमचं नवीन बिल आलं तेव्हा आमच्या साहेबांनी पण कपाळाला हात लावला होता. पण ६.७ वर बसून राहणं म्हणजे ८ पण नाही आणि प्रॉक्समॉक्स पण नाही, त्याला मी आळसच म्हणणार. लातूरवाल्या, ‘निव्वळ’ हा शब्द काढतो, चालेल? आणि एवढीच रॅमची अडचण असेल तर माझ्याकडं एक जुना होस्ट पडून आहे, १९२ जीबीचा. महिनाभर ने. एकेक होस्ट मोकळा कर, तालीम कर, काय करायचं ते कर. कूलरसमोर ठेवू नको तेवढा.

लातूरचा_रॅक
पडून आहे म्हणजे? कालच्या पोस्टमध्ये चार होते ना?

वाळूज_नाईट_शिफ्ट
आधी जुने चार होते. त्यातला एक ८ घेत नव्हता म्हणून त्याच्या जागी नवीन घेतला.

लातूरचा_रॅक
म्हणजे ज्याच्यावर अडलं ते मशीनच बदललं, आणि पोस्टमध्ये “एका रात्रीत”. छान. मोठ्या मनानं देतोयस तर घेतो, शनिवारी गाडी पाठवतो. तेवढा प्रोसेसर कोणता आहे ते सांग.

वाळूज_नाईट_शिफ्ट
सँडी ब्रिज.